मांडीखालचे हात

थप्पड बसली तेव्हा माझे दोन्ही हात मांडीखाली होते, म्हणून मला ती अडवता आली नाही. आवाज आधी ऐकू आला आणि गाल नंतर पेटला. मधल्या त्या रिकाम्या क्षणात मी समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर राग कुठं आहे ते शोधत होते, कारण तेच माझं काम. राग नव्हता. माप कमी देणाऱ्या दुकानदाराकडं गिऱ्हाइकानं पाहावं तसा रुपराव माझ्याकडं पाहत होता. त्याचा हात अजून हवेतच होता आणि त्या हाताला काय करावं ते त्यालाच कळत नव्हतं. मग दार भिंतीवर आपटलं, वॉर्डबॉय मधुकरराव आत आले, आणि रुपराव खुर्चीसकट खाली गेला. मधुकररावांनी एक गुडघा त्याच्या पाठीत रोवला, त्याचा हात मागं पिळला, तोंड फरशीवर दाबलं. फरशीवर दात आपटल्याचा आवाज आला. "मॅडमवर हात उचलतो, साल्या," मधुकरराव धापा टाकत म्हणाले, "अन् मी याले दर खेपेले चहा आणून देऊन राहिलो." रुपरावनं अजिबात झटापट केली नाही. त्याच्या ओठातून आलेलं रक्त फरशीच्या सांध्यातून सरळ रेषेत पुढं गेलं आणि माझ्या चपलेपाशी थांबलं. मी पाय उचलले, हात मात्र काढले नाहीत. डाव्या कानात कुकरची शिट्टी अडकल्यासारखी वाजत होती, आणि मला वाटत होतं, आता हात बाहेर काढले तर ते काय करतील सांगता येत नाही.

ज्यांना आवाज ऐकू येतात, आपल्यावर कुणी पाळत ठेवून आहे असं वाटतं, आणि ज्यांच्यावर जुन्या गोळ्यांनी काही केलं नाही, अशा लोकांवर आमच्या मनोरुग्णालयात एका नव्या औषधाची चाचणी चालू आहे. औषध अजून बाजारात नाही. चाचणीत असाल तर मिळतं, नसाल तर नाही. मी त्यात सहायक. पेशंट भेटीला आला की त्याला ठरलेले प्रश्न, ठरलेल्या क्रमानं विचारायचे, आणि त्याच्या शत्रुत्वाला, संशयाला, भासांना एक ते सात गुण द्यायचे. कुणाला किती डोस चालू आहे हे मला कळू देत नाहीत. एका पेशंटला दर वेळी एकाच माणसानं विचारायचं, चेहरा कोरा ठेवायचा, मान जास्त हलवायची नाही. आणि पेशंटनं उलट आपल्याबद्दल काही विचारलं तर त्यासाठी एक वाक्य ठरलेलं आहे: 'आपण तुमच्याबद्दल बोलू या.' लग्न झालं काय, देव मानता काय, तुमच्यावर कोणी करणी केली नाही काय, सगळ्यांना हे एकच उत्तर. ही सवय पुढं घरी येते. मोहितला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मी जेवताना गुण देते. शत्रुत्व तीन, महिनाअखेरीस चार. सासूबाईंचा संशय सरासरी पाच, कामवाली बाई येऊन गेली की सहा. स्वतःला मी कधी गुण दिलेले नाहीत.

त्या दुपारी मी विचारलं होतं, मागच्या सात दिवसांत नको असलेले विचार मनात आले का, कुणाला इजा करावी असे? रुपराव नेहमीसारखा नीट विचार करून बोलला. खोटं बोलणं त्याच्या अंगातच नाही. त्याच्या गुणांवरून कधी आमच्यात वाद झाला नाही. "येते," तो म्हणाला, "पण आता भिंतीच्या तिकडून येते. पहिले कानात बसून राहे. आता भिंतीमागं आहे. मी म्हणतो, बोल, किती बोलतं ते." मग तो थांबला आणि माझ्या मांडीकडं पाहू लागला. पुरुषाची नजर तिथं गेली की बाई जशी सावध होते तशी मी झाले, पण ती नजर तसली नव्हती. "मॅडम, तुमच्या लेकराची गोष्ट निघाली का तुमी हात असे दाबून बसता. मघाशी मायी माय तुमच्या लेकराचं पुसून राहिली होती तवाही दाबले. तुमालेबी येते काय?" ठरलेलं वाक्य माझ्या जिभेवर होतं. इतक्या लोकांना म्हटलेलं, झोपेतही म्हणता येईल असं. त्याऐवजी मी म्हणाले, "नाही." आणि वर हसले. थप्पड त्या हसण्यावर बसली.

आमच्या प्रमुख शामला मॅडम आल्या तेव्हा रुपरावला उचलून नेलं होतं आणि मधुकरराव फडक्यानं रक्त पुसत होते. मॅडमनी माझी हनुवटी धरून गाल उजेडाकडं वळवला, कानात बॅटरी मारून पाहिलं. "पडदा शाबूत आहे. आता सांग, त्याच्याआधी काय झालं?" हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा असतो, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. माणूस चिडवल्यामुळं चिडला, की आतलाच कुणी त्याला चिडवत होता, यावर पुढचं सगळं ठरतं. "काही नाही," मी म्हणाले, "यादीतला प्रश्न विचारत होते." हे खरंही होतं. मॅडमनी बॅटरी खिशात ठेवली. "म्हणजे विनाकारण. म्हणजे औषध लागू पडत नाही, असंच धरावं लागेल. त्याला बाहेर काढावं लागेल, करिष्मा. उद्या सकाळीच औषध कंपनीशी बोलून मोकळी होते. वाईट वाटतं गं, त्याचं चांगलं चाललं होतं." मी मान हलवली, जास्त नाही.

बाहेर व्हरांड्यात रुपरावची आई जिजाबाई भिंतीला पाठ लावून बसली होती. काटोलच्या बसनं सकाळीच आलेली, पदराच्या टोकात तिकीट बांधलेलं. मला पाहून ती उठली नाही, फक्त हात वर करून तिनं मला खाली बसवलं आणि माझ्या गालावर तिचा खरबरीत तळवा ठेवला. "लय लागलं काय वं?" मी नाही म्हटलं. माझं नाही म्हणणं त्या दिवशी फारच सोपं झालं होतं. "बाई, मायं पोरगं मारते तं सोताले मारते," ती म्हणाली. "दगड घेऊन दात पाडला यानं सोताचा. त्या दातात कोनी बोलते म्हने. रगत गिळून राहिला होता अन् दगड काही सोडे ना. मी हात धराले गेली, तं त्यानं मले बाजूले केलं, हळूच, तांब्या बाजूले ठेवते तसं. मले कदी बोट नाही लावलं. हे नवं औषध सुरू झालं तवापासून मंडीत जाते, संत्रे निवडते, चार लोकाईत बसते. अन् आज तुमाले काहून मारलं?" मी तिच्या पदराला बांधलेल्या तिकिटाकडं पाहिलं. "तुमी काय म्हटलं त्याले?" "काही नाही, जिजाबाई." "काही तं म्हटलं असन," ती म्हणाली. आरोप नव्हता त्यात. देवळाच्या पायरीवर चप्पल शोधावी तशी ती कारण शोधत होती. इथंच कुठं तरी असणार, म्हणून.

ऑटोत बसल्यावर मी पर्स छातीशी धरून दोन्ही हात पर्सखाली खुपसले. ती नको असलेली चित्रं मला पहिल्यांदा दिसली ती एका चांगल्या दिवशी, अगदी सुखाच्या वेळी. माझी लेक तारा खांद्यावर झोपली होती, मानेवर तिचा गरम श्वास, आणि मी आमच्या चौथ्या मजल्याच्या गॅलरीत उभी राहून खाली जरीपटक्याचा बाजार पाहत होते. खाली एक जण हातगाडीवर शहाळी सोलत होता. कोयता वर जायचा, खाली यायचा, हिरवं साल उडायचं. आणि मला माझे हात सैल झालेले दिसले. दिसले, म्हणजे झाले नाहीत. पण तारा खाली जाताना दिसली, तिचं पिवळं झबलं वाऱ्यानं फुगलेलं दिसलं, आणि हातगाडीवर जो आवाज झाला तो मी पूर्ण ऐकला. मी आत आले, गॅलरीचं दार लावलं, आणि दारापुढं शिलाई मशीन ओढून ठेवली. मोहितला सांगितलं, कबुतरं घाण करतात. त्यानंतर ती चित्रं येत राहिली. आंघोळ घालताना पाण्याखाली उघडे डोळे. भाजी चिरताना तिची टाळू, जिथं कातडीखाली नाडी उडताना दिसते तिथं, सुरीचं टोक. मिक्सरचं भांडं. उशी. एकदा तर नुसता माझा अंगठा, तिच्या गळ्याच्या खळग्यात. दर वेळी मी तिच्यापासून लांब पळायची आणि भिंतीला पाठ लावून उभी राहायची, आणि ती रडायची, कारण मी तिला अर्धीच पाजून टाकून आलेली असायची. तिला आता आंघोळ सासूबाई घालतात, माझं मनगट दुखतं म्हणून. घरातल्या सुऱ्या मी वरच्या फळीवर डब्यामागं ठेवते आणि भाजी चिरलेलीच विकत आणते. सासूबाई म्हणतात, शिकलेल्या बाईले आळस लय.

मला कुणी काही सांगत नाही, कानात कुणी बोलत नाही, हे मला ठाऊक आहे. आवाज बाहेरून येतो, आणि हे तर माझं माझ्यातूनच येतं. असले विचार पुष्कळ आयांना येतात आणि त्यांतल्या बहुतेक जणी लेकराच्या केसालाही धक्का लावत नाहीत, हे मी एम.ए.ला वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं आणि त्याचे मार्कही मिळाले होते. पण सगळ्या आयांबद्दल जे खरं ते माझ्याबद्दल खरं आहे हे कुठल्या पुस्तकात छापलेलं नसतं. आणि मी देवकीला पाहिलं होतं. देवकी आमच्याच वॉर्डात होती, माझ्यापेक्षा लहान, वेणीला लाल रिबन. तिनं सरळ सांगितलं, मला माझं बाळ विहिरीत पडलेलं दिसतं. तिला आवाजही येत होते, तिची गोष्ट वेगळी होती, मी दिलेले गुण बरोबरच होते. पण तिची सासरची माणसं व्हरांड्यात उभी राहून ऐकत होती. ती माणसं बाळ घेऊन अमरावतीला निघून गेली आणि देवकी बरी झाल्यावरही त्यांनी तिला ते दाखवलं नाही. ती दर भेटीला यायची आणि स्वतःची छाती बुक्क्यांनी कुटायची, दूध येऊ नये म्हणून. दूध केव्हाच आटलं होतं. मी तिच्यासमोर कोरा चेहरा करून बसायची आणि तिच्या प्रत्येक बुक्क्याला माझ्या आतलं काही तरी तोंड मिटून घ्यायचं.

घरी सासूबाईंनी दार उघडलं, माझा गाल पाहिला आणि आधी ताराला माझ्यापासून लांब धरलं, मग विचारलं, "कोणी मारलं वं?" गाल लाल पाहून लेकरू घाबरेल म्हणून त्यांनी तसं केलं, एवढंच. पण मी दरवाज्यातच हात पुन्हा पर्सखाली सरकवले. तारा माझ्याकडं झेपावली आणि तिनं दोन्ही पंजांनी माझ्या त्याच गालावर पटापट चापट्या मारल्या आणि हसली. मोहित हिंगण्याहून कंपनीच्या बसनं आला तोपर्यंत गालावर चार बोटं स्पष्ट उमटली होती. त्यानं डबा ओट्यावर आदळला. "नाव सांग त्याचं." मी म्हटलं, नाव सांगायला परवानगी नाही. "तू मागं सांगत होती तो काटोलचा आहे न? मायी मावशी आहे काटोलले. बसस्टँडवर उतरू देणार नाही मी त्याले. हात मोडून हातात देतो त्याच्या." सासूबाई ताराला भात भरवत होत्या. "तू चूप बस गा," त्या म्हणाल्या. "मोठा आला हात मोडणारा. झुरळ निघालं तं पलंगावर चढते हा, अन् काटोलले जाऊन मारामारी करन." "आई, तू मधात नको बोलू." "बोलीन. अन् तुले कोणी सांगतलं होतं वं पागल लोकाईची परीक्षा घ्यायले? बँकेची परीक्षा दे म्हटलं होतं मी." मोहितनं भिंतीवर मूठ मारली. चुन्याचे पोपडे पडले, त्याची बोटं सोलली, आणि तारा त्या आवाजानं दचकून मग खिदळायला लागली, पुन्हा कर म्हणून हात नाचवू लागली. त्यानं पुन्हा मारली, या वेळी हळू, तिच्यासाठी. मग पुन्हा. मला वाटलं, या घरात प्रत्येकाचा हात वर जातो, खाली येतो आणि विषय संपतो. मोहितच्या कारखान्यात, पत्रा दाबायच्या प्रेस शॉपमध्ये, एकाची दोन बोटं मशीनखाली गेली, आणि तो टाके घालून पेढ्यांचा डबा घेऊन आला, बाकीचा हात वाचला म्हणून; हे मोहित हसत हसत सांगतो. त्यांच्या हिंसेला आवाज असतो, पोपडे असतात, टाके असतात. माझ्या हिंसेनं आजवर एक कप फुटलेला नाही, आणि तरी मी तिच्यापायी घरातल्या सगळ्या दारांपुढं काहीबाही ओढून ठेवत आले आहे.

"त्यानं मारलं काहून पण?" मोहितनं मलम लावताना विचारलं. त्याचा आवाज आता उतरला होता. त्याचं सोललेलं बोट माझ्या गालावर इतकं हलकं फिरत होतं की मला रडू आलं. सांगता आलं असतं. सासूबाई समोर बसल्या होत्या, त्यांच्या मांडीवर तारा पेंगत होती, तिचं डोकं त्यांच्या कोपराच्या खोबणीत. मी त्या खोबणीकडं पाहिलं. हे ऐकल्यावर ती किती घट्ट आवळली जाईल याचा अंदाज घेतला. "पागल आहे तो," मी म्हणाले. आमच्याकडं हा शब्द वापरायला मनाई आहे, आणि मी तो नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदा वापरला.

सकाळी मी आधी वॉर्डात गेले. जायची परवानगी नव्हती. ज्याला गुण द्यायचे त्याला खोलीबाहेर भेटायचं नाही असा नियम आहे. रुपरावचे दोन्ही हात कापडी पट्ट्यांनी खाटेच्या दांड्यांना बांधले होते. ओठ सुजून निळा पडला होता. काल रात्री जुनं इंजेक्शन दिलं होतं; त्यानं जीभ जड होते, लाळ गळते. ती उशीवर साचली होती आणि तिच्यावर एक माशी बसून होती. त्यानं मला ओळखायला वेळ घेतला. पट्टा मनगटाला जिथं लागत होता तिथं कातडी सोलली होती, म्हणजे रात्री केव्हा तरी त्यानं झटके दिले असणार. "भिंतीमागचा," तो जिभेवरून शब्द ढकलत म्हणाला, "अलीकडं येऊन राहिला. रात्री इथं बसला होता, या खाटेवर. मले म्हणे, तुया हात सुटला न आता. आता तो सुटलाच." मी माशी हाकलली. "मी तुमाले सारं खरं सांगतो, मॅडम. माय झोपते तवा तिच्याबद्दल काय म्हणते तो, तेबी सांगतलं. लाज सोडून सांगतलं. अन् तुमी मले एक नाही सांगू शकले. हासले."

मी दाराकडं पाहिलं. मधुकरराव लांब होते, कुणाशी तरी क्रिकेटबद्दल हुज्जत घालत होते. "येतात," मी म्हणाले. तोंडातून निघाल्यावर तो शब्द इतका लहान होता की मला वाटलं, त्याला ऐकूच गेला नसेल. "माझ्या मुलीबद्दल येतात. रोज." रुपरावच्या चेहऱ्यावर काही फरक पडला नाही. त्यानं डोळे मिटले. "मंग मले काहून सांगता," तो म्हणाला. "त्याईले सांगा. ते औषध बंद करून राहिले मायं."

शामला मॅडमच्या टेबलावर अर्धा खाल्लेला पोह्यांचा डबा होता आणि त्या फोनवर कंपनीच्या माणसाची वाट पाहत होत्या. मी दार लावलं. मी म्हटलं, काल मी पूर्ण सांगितलं नाही. रुपरावनं मला एक प्रश्न विचारला होता आणि मी त्याचं उत्तर दिलं. मॅडमचा चमचा थांबला. "उत्तर दिलंस? इतकी वर्षं काम करून? करिष्मा, नवीन आलेली पोरगीसुद्धा हे करत नाही." त्या खरोखर चिडल्या होत्या, आणि त्या चिडण्याचा मला आधार वाटला, ते कामाबद्दलचं चिडणं होतं. "काय विचारलं त्यानं?" मी सांगितलं. "आणि तू काय म्हणालीस?" "नाही म्हणाले." "मग?" "ते खोटं होतं. त्याला दिसलं ते. म्हणून त्यानं मारलं. विनाकारण नाही मारलं, मॅडम." फोनमधून कुणी तरी हॅलो हॅलो म्हणू लागलं होतं. मॅडमनी तो उपडा ठेवला. मला वाटलं, आता त्या समोरच्या कपाटातून माझ्यासाठी गुणांचा कागद काढतील. तेवढ्यातही मला एक चित्र दिसलं: मॅडमचा पोह्यांचा स्टीलचा चमचा, आणि मॅडमचा डोळा. म्हणजे ते फक्त ताराबद्दल नव्हतं. ते कुणाबद्दलही असू शकत होतं.

मॅडमनी विचारलं ते सगळं मी सांगितलं. सुऱ्या कुठं ठेवल्या आहेत ते सांगितलं, शिलाई मशीन सांगितली, अंगठा सांगितला. एकदा तरी हात पुढं गेला होता का? नाही. करावंसं वाटतं? मॅडम, मला मरावंसं वाटतं त्यापेक्षा. "तेही वाटतं?" त्यांनी लगेच पकडलं. कधी कधी, मी म्हटलं. त्यांनी डबा बंद केला. "मी तुला तपासणार नाही. मी तुझी वरिष्ठ आहे, ते बरोबर होणार नाही. माझी मैत्रीण मानसोपचारतज्ज्ञ आहे, बाळंतिणींचंच पाहते. मी आता फोन करते, चार वाजता तिच्याकडं जायचंस. आज. एकटी नाही, मोहितला घेऊन." मग त्या खिडकीकडं पाहत म्हणाल्या, "रुपरावला चिथावणी होती असं मी कळवते. बहुतेक राहील तो. तू मात्र या कामावर राहू शकत नाहीस. पेशंटला गुण देणाऱ्यानं..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. मी विचारलं, "माझी मुलगी?" "तिचं काय?" "ती कुणाकडं राहील?" शामला मॅडम पहिल्यांदाच माझ्याकडं पाहताना आपला चेहरा कोरा ठेवायला विसरल्या. "तुझ्याकडं," त्या म्हणाल्या. "आणखी कुणाकडं राहणार आहे? तुला हे माझ्या तोंडून ऐकायचं होतं होय?" मला फक्त एवढंच ऐकायचं होतं. पण ऐकल्यावर सुटल्यासारखं वाटेल असं जे वाटलं होतं, तसं झालं नाही. उलट, आता ती माझ्याकडंच राहणार, या विचारानं मी दोन्ही हात काखेत दाबून धरले.

मोहितला फोन केला. मशीनच्या आवाजात तो ओरडून विचारत राहिला, काय झालं, पुन्हा मारलं काय त्यानं? मी म्हटलं, नाही, सुट्टी टाकून ये, डॉक्टरकडं जायचंय, माझ्यासाठी. तो म्हणाला, निघालो. काय झालं ते त्यानं पुन्हा विचारलं नाही. घरी पोचले तेव्हा दुपारचं ऊन पुढच्या खोलीत अर्ध्यापर्यंत आलं होतं. तारा सासूबाईंच्या मांडीवर होती आणि तिच्या गालावर, डोळ्याच्या अगदी खाली, एक ताजा लाल ओरखडा होता. मी घरी नव्हते, मी नव्हते, हे मी मनात तीन-चारदा म्हटलं. "सोताच ओरबाडून घेतलं," सासूबाई म्हणाल्या. "आणखी जरासं वर असतं तं डोळा गेला असता. पाय तिचे नखं. मांजरीसारखे वाढले. मायं डोळ्यानं दिसत नाही, नाही तं मीच कापले असते. तुले रोज सांगून राहिली, अन् तू रोज उद्या म्हणते. माय आहे का कोण आहे वं तू?"

मी कपाटातून नेलकटर काढलं. ते थंड होतं. मी त्यांच्यासमोर फरशीवर बसले आणि म्हटलं, "आई, मले भीती वाटते." "कशाची? नखाची?" "माझी. मी तिले मारून टाकीन अशी. मले दिसते तसं. डोळ्यासमोर दिसते. मी केलं नाही काही, पण दिसते. कबुतरं नाहीत गॅलरीत. मनगट नाही दुखत माझं." मी हे सगळं नेलकटरकडं पाहत बोलले. वर पाहिलं तेव्हा सासूबाईंनी ताराला छातीशी आवळून धरलं होतं, इतकं की ती कुरकुरायला लागली. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. आता त्या उठतील, मी मनाशी म्हटलं, आता आतल्या खोलीत जातील, कडी लावतील. मी त्या कडीचा आवाज ऐकायला तयार होऊन बसले. खाली बाजारात कुणी तरी टेम्पो मागं घेत होतं, त्याचं बीप बीप चालू होतं, आणि ते थांबेपर्यंत सासूबाई हलल्या नाहीत.

"मोहितले माहीत आहे?" त्यांनी विचारलं. "आज सांगणार. चार वाजता डॉक्टरकडं जाऊन राहिलो." "औषध आहे याच्यावर?" "आहे म्हणतात." त्यांनी पदरानं ताराच्या गालावरचा ओरखडा टिपला. "डोळा गेला असता हिचा," त्या पुन्हा म्हणाल्या, पण कुणाला उद्देशून ते कळलं नाही. मग त्यांनी ताराला मांडीवर उलटी वळवून माझ्याकडं तोंड करून बसवलं, आणि तिचं उजवं मनगट धरून पुढं काढलं. दुसऱ्या हातानं त्यांनी माझं मनगट धरलं. मायेनं धरतात तसं धरलं नव्हतं. भांडणात धरतात तसं; त्यांच्या बांगडीची कड माझ्या हाडात रुतली. "काप," त्या म्हणाल्या. "मी धरून आहे. काप."

तारा माझ्याकडं पाहून हसली आणि मूठ उघडली. चित्र आलं, नेहमीसारखंच पूर्ण आलं, बोट आणि पातं आणि फरशीवर लाल. मी ते हाकललं नाही की धरूनही ठेवलं नाही. त्याच्यातूनच मला तिचं खरं बोट शोधावं लागलं, गुलाबी, मळकं, टोकाला बिस्किटाचा चुरा लागलेलं. मी नखाच्या कडेला पातं लावलं. सासूबाईंची पकड आणखी आवळली, आणि मी दाबलं. बारीकसा टिक्क आवाज झाला आणि नखाची पांढरी कोर तारानं अंगावर घेतलेल्या दुपट्यावर पडली. तिनं ती उचलून तोंडात घालायचा प्रयत्न केला. सासूबाईंनी श्वास सोडला, पण मनगट सोडलं नाही, तिचंही नाही आणि माझंही नाही.

"आता बाजूचं," त्या म्हणाल्या.